टाकीतली हवा आणि माझे ९६,५०० रुपये

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी हवा न भरणाऱ्या एका कॉम्प्रेसरचे ३८,००० रुपये दिले, तडा गेलेल्या रंधा-थिकनेसरचे (फळी गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीची करणारे यंत्र) ४६,५०० दिले आणि नकली स्प्रे गन, फिल्टर व नळी यांचे १२,००० दिले. बेरीज ९६,५००. टेम्पोचे २,८०० आणि हमालीचे १,२०० धरले तर १,००,५००. आकडे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण नातेवाइकांना मी आजवर ‘पन्नासेक हजारांचा फटका बसला’ असेच सांगत आलो आहे आणि हे खोटे आता पुरे झाले. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे बाहेरून येणारा माल तपासण्याचेच काम केले. पुरवठादाराने पुढे केलेल्या नमुन्यावर कधी विसंबू नये, हे मी कित्येक नव्या पोरांना शिकवले आहे.

निवृत्तीनंतर रो-हाउसच्या मागच्या बोळावर पत्रे टाकून मी लाकूडकामाची छोटी खोली केली. जुन्या नाशकात पाडलेल्या एका वाड्याचे सागवानी खांब हाती लागले होते आणि त्यांतून मुलीसाठी पुस्तकांचे कपाट करायचे होते. ब्रशने मेलामाइन पॉलिश लावले की रेघा राहतात आणि पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढुरके पडते, हे दोन लहान स्टुलांवर अनुभवून झाल्यावर मी स्प्रेच्या मागे लागलो. तीन महिने वाचन केले. एचव्हीएलपी गनमध्ये हवा पुष्कळ आणि दाब थोडा असतो, गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जात नाही, त्यामुळे फवारा उडून वाया कमी जातो आणि बंद खोलीत धुके साचत नाही, हे मला पाठ झाले होते. अशा गनला कॉम्प्रेसरकडून साधारण १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते आणि एक-दीड एचपीचा घरगुती कॉम्प्रेसर तिच्यापुढे धापा टाकतो, हेही ठाऊक होते. टर्बाइनवर चालणाऱ्या गनला कॉम्प्रेसर लागतच नाही आणि तिची हवाही उबदार व कोरडी असते. पण तिच्या स्वस्त घरगुती प्रकाराला मी खेळणे समजलो. मला ‘खरी’ यंत्रे हवी होती. म्हणजे मी अडाणी होतो म्हणून फसलो असे नव्हे; उलट मला बरेच काही येत होते आणि समोरच्या माणसाने नेमका त्याचाच उपयोग करून घेतला.

जाहिरात नेहमीचीच होती: फर्निचरचा कारखाना बंद केला आहे, मालक गावी चालले आहेत, सामान एकत्रच द्यायचे आहे. ३ एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर, १६० लिटरची टाकी, १२ इंची रंधा-कम-थिकनेसर आणि जपानी गन, असे सगळे मिळून १,१८,०००. असल्या जाहिरातींचे पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो. मीही जाणत होतो, म्हणूनच फोनवर एक रुपयाही पाठवला नाही आणि स्वतः जाऊन पाहायचे ठरवले. प्रत्यक्ष जाऊन पाहिले की माणूस सुरक्षित होतो, ही माझी पहिली चूक. ज्याला समोरासमोर फसवायचे असते, त्याला तुम्ही याल हे गृहीतच असते.

पुणे रस्त्यावर शहराबाहेर, पंक्चरच्या एका दुकानाला लागून तो गाळा होता. विकणारा तिशीतला, बोलायला अतिशय गोड आणि प्रत्येक वाक्यात ‘काका’. मी गेलो तेव्हा कॉम्प्रेसरच्या दाबाचा काटा आठ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) होता. “आत्ताच भरून ठेवलाय, काका, तुमचा वेळ जायला नको,” तो म्हणाला. मग त्याने बटण दाबले, मोटर फिरली, पट्टा पळाला, आणि दहा सेकंदांत त्याने ती बंद केली. “आवाजात आपले बोलणे ऐकू येणार नाही. टाकी भरलेलीच आहे, तुम्ही स्वतः गन धरा.”

हा तो क्षण. तेव्हा मला त्याचे सौजन्य वाटले. मी सनमायकाच्या एका तुकड्यावर दीड मिनिट फवारा मारला आणि फवाऱ्याचा पंखा इतका सुरेख, इतका एकसारखा पडला की हात थांबवू नये असे वाटत होते. काटा आठवरून साडेपाचाच्या खाली आला. तेव्हा “आता मोटर लावा, काटा परत आठवर जाताना मला पाहायचा आहे” हे एक वाक्य बोलायला हवे होते. एकतीस वर्षांत हे वाक्य मी निरनिराळ्या शब्दांत हजारदा बोललो असेन. त्या दिवशी मात्र गनचे कौतुक करीत राहिलो.

हिशोब करायला कागदही लागत नाही. १६० लिटरच्या टाकीतला दाब आठ किलोवरून चारवर येईपर्यंत सुमारे ६४० लिटर मोकळी हवा बाहेर पडते. १० सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८३ लिटर. याचा अर्थ, खाली कॉम्प्रेसर अजिबात नसला आणि नुसती भरलेली टाकी ठेवलेली असली, तरी गन सव्वादोन मिनिटे झकास चालते. मी जी तपासली ती टाकीत आधीच साठवलेली हवा होती. कॉम्प्रेसर मी तपासलाच नाही. आणि ती हवा शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून भरली असणार, असा माझा तर्क आहे.

याहून जिव्हारी लागलेली गोष्ट निराळीच आहे. बोलत असताना मी बराच वेळ कॉम्प्रेसरच्या हेडवर, म्हणजे हवा दाबली जाते त्या वरच्या भागावर, हात टेकवून उभा होतो. १६० लिटरची टाकी नुकतीच आठ किलोपर्यंत भरलेल्या कॉम्प्रेसरच्या हेडला हात लावला तर चटका बसतो, तळवा तिथे टिकत नाही. ते हेड थंडगार होते. बाहेर भुरभुर पाऊस होता, हात ओला होता, आणि तो थंड बिडाचा स्पर्श मला आजही आठवतो. हाताला कळले होते. डोक्याने ऐकले नाही, कारण डोके तेव्हा कपाटाच्या दारांना कोणती चमक द्यावी या विचारात होते.

तुम्ही कधी जुना कॉम्प्रेसर पाहायला गेलात, तर खालचा ड्रेन कॉक उघडून टाकी पूर्ण रिकामी करायला लावा, बाहेर पडणाऱ्या पाण्यात गंजाचा रंग दिसतो का ते पाहा आणि मग शून्यापासून भरायला घड्याळ लावा. ३ एचपीचा धड कॉम्प्रेसर एवढी टाकी पाच-सहा मिनिटांत आठ किलोपर्यंत नेतो. विकणारा ‘वेळ जाईल’ म्हणाला, तर तुम्हीच उठून घरी या.

थिकनेसरविषयी फार लिहीत नाही. त्याच्या बिडाच्या टेबलावर प्लायवूड टाकून गन, कप आणि डबे मांडून ठेवले होते, आणि मी ते उचलून पाहिले नाही. घरी आल्यावर करड्या रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेला वीतभर तडा सापडला. यंत्रावर ताजा रंग दिसला की किल्लीच्या टोकाने थोडा खरवडून पाहावा. विकणारा ओरडला, तर उत्तर तिथेच मिळाले.

व्यवहार ९६,५०० वर ठरला. मी साडेएकवीस हजार पाडून घेतल्याच्या आनंदात होतो, ही आणखी एक शरमेची बाब. जागेवरच ५,००० यूपीआयने दिले, दुसऱ्या दिवशी सकाळी ६०,००० पाठवले आणि टेम्पो भरताना ३१,५०० रोख मोजले. रोख रकमेची वेगळी पावती घ्यावी हे सुचले नाही असे नव्हे, पण हमाल ओल्यात उभे होते आणि टेम्पोवाला घाई करीत होता. विकणाऱ्याने दिलेल्या बिलावर ‘जुने सामान, आहे त्या स्थितीत, पाहून घेतले’ असे लिहिले होते आणि खाली माझी सही आहे. वर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांकही होता, त्यामुळे मला धीर वाटला. महाराष्ट्रातल्या क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. त्याच्या बिलावर २४, म्हणजे गुजरात. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. मी तो तपासला, पण सहाव्या दिवशी. तो कापडाच्या एका दुकानाचा निघाला.

घरी बटण दाबले. बावीस मिनिटांनी काटा चारवर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे यंत्र जेमतेम एक सीएफएम हवा देत होते. तेवढ्या हवेत सायकलचे चाक भरता येईल. नळीतून हवेबरोबर तेल येत होते आणि फळीवर मारलेल्या थरात गोल गोल खड्डे पडले. अंबडच्या ओळखीच्या वाइंडिंगवाल्याने (मोटरी दुरुस्त करणाऱ्याने) ६५० रुपये घेऊन सगळे उघडले. रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्हची पट्टी मोडलेली, मोटरीचा गाभा २ एचपीचा आणि ३ एचपीची पाटी नव्या रिव्हेटने ठोकलेली. “साहेब, रिव्हेट चकाकतेय की,” एवढेच तो म्हणाला. गनवर एचव्हीएलपी ही अक्षरे स्टिकरची होती. घरात बायको काही बोलली नाही. तिने फक्त बिल हातात घेतले आणि “अहो, सही तुमचीच आहे?” असे विचारले.

विकणाऱ्याचा फोन तिसऱ्या दिवशी बंद झाला. गाळ्यावर गेलो तर कुलूप होते. जागा पंधरवड्यासाठीच घेतली होती, असे शेजाऱ्याने सांगितले.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी. सहाव्या दिवशी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडून विचारणा झाली की, तुम्ही वस्तू पाहिली होती का, पिन तुम्हीच टाकला होता का, माल मिळाला का. तिन्हींना ‘हो’ म्हटल्यावर, ही सायबर फसवणूक नाही, पोलीस ठाण्यात जा, असे सांगण्यात आले. बँकेनेही पिनचेच कारण पुढे केले. पहिल्या पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवल्यावर सांगितले की, गाळा आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठाण्यात विचारले की, तुम्ही राहता कुठे, पैसे पाठवले कुठून, मग इकडे कशाला आलात. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मी ते पान छापून नेले होते. तिथल्या अधिकाऱ्याने ते पानही पाहिले नाही आणि माझ्याकडेही पाहिले नाही. बिल मात्र वाचले. “आहे त्या स्थितीत घेतले, सही केली, हा दिवाणी वाद आहे.” दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक छापलेले बिल देणे आणि मोटरीवर खोटी पाटी ठोकणे हा दिवाणी वाद कसा होतो, असे मी विचारले, तर मला आवाज खाली ठेवायला सांगितले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि मालमत्ता द्यायला लावून केलेल्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही माहिती मी खुर्चीवर बसून देत होतो आणि ज्यांना ती असायला हवी ते चहा पीत होते. अर्जाची पोच मागितली तर ‘शिक्का मारणारे साहेब बाहेर गेलेत’. पोच मिळवायला मी एकूण चार वेळा गेलो. पोच मिळाल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नका; चौथ्या फेरीपर्यंत माझा पहिला अर्ज कोणालाच सापडत नव्हता.

ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा वाटला होता, कारण पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायचा तर पोलिसांनी यूपीआय खात्याची माहिती मागवायला हवी, आणि पोलीस म्हणतात वाद दिवाणी आहे. या वर्तुळात मी अडीच महिने फिरलो. शेवटी वरिष्ठ कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवला, तेव्हा एक हवालदार घरी आला. बोलायला सभ्य होता. त्याने मोबाइलवर कॉम्प्रेसरचे दोन फोटो काढले, चहा घेतला आणि निघताना सांगितले की, पंचनामा होईपर्यंत माल हलवू नका, तो पुरावा आहे.

यूपीआयने व्यवहार करताना समोरच्याचे नाव पडद्यावर दिसते ते बिलावरच्या नावाशी जुळते का पाहा. माझ्या बाबतीत पडद्यावर एका बाईचे नाव होते आणि “वहिनींचे खाते आहे” हे उत्तर मला पुरले. ज्याची यंत्रे आहेत त्याने ती कुठून घेतली, त्याचे जुने बिल मागा. आपल्याबरोबर वाइंडिंगवाल्याला न्या. त्याचे ६५० रुपये मी आधी दिले असते तर हे लिहावेच लागले नसते. आणि माझ्यासारखे ज्यांना थोडेफार येते, त्यांनी विकणाऱ्यासमोर आपले ज्ञान उघडे करू नये. मी एचव्हीएलपीवर पाच मिनिटे व्याख्यान दिले आणि तो “बरोबर, काका” म्हणत ऐकत राहिला. मी काय तपासणार आणि काय विसरणार, हे त्याला माझ्याच तोंडून कळले.

भंगारवाल्याने टाकी, बीड आणि तांबे मिळून ७,२०० रुपये देऊ केले आहेत. पंचनाम्याला अजून कोणी आलेले नाही, म्हणून कॉम्प्रेसर आणि थिकनेसर ताडपत्रीखाली बोळात तसेच उभे आहेत. बोळ अडल्यामुळे सागवानाचे खांब आत नेता येत नाहीत, आणि मुलीच्या कपाटाच्या ज्या दोन फळ्या तयार झाल्या आहेत त्यांना मी ब्रशनेच पॉलिश करतो आहे.