“टायटलवर फक्त सही करा, बाकीचं आम्ही बघतो”: अमेरिकेत जुनी गाडी दान करताना लोक कुठे फसतात

ख्रिसमस ते ३१ डिसेंबर या आठवड्यात अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही जुन्या गाड्या धर्मादाय संस्थांना ‘दान’ होतात. कुणी नवी गाडी घेतलेली असते, तर कुणी कायमचं भारतात परतायला निघालेलं असतं. जाहिरातीत सांगतात की गाडी चालू असो वा बंद, फुकट उचलून नेऊ आणि करात पूर्ण वजावट मिळेल. फसवणूक या ‘पूर्ण’ शब्दापासूनच सुरू होते.

फोनवरचा माणूस म्हणतो, “ब्लू बुकमध्ये (जुन्या गाड्यांच्या किमतींच्या यादीत) जी किंमत दिसेल ती लावा.” हे २००५ पासून चालत नाही. २००४ च्या कायद्याने नियम बदलला: वजावट ५०० डॉलरच्या वर मागायची असेल, तर संस्थेने गाडी ज्या रकमेला विकली ती रक्कम किंवा बाजारभाव, यांतलं जे कमी तेवढंच धरायचं. समजा, जुन्या कॅमरीची किंमत तुम्ही ५,००० डॉलर धरलीत आणि ती लिलावात ९०० ला गेली, तर तुमची वजावट ९०० डॉलर. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर करात वाचले १९८ डॉलर. गाडी ५०० किंवा त्याहून कमी किमतीला गेली, तर बाजारभाव किंवा ५०० डॉलर, यांतलं कमी ते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी भरपूर वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती केली किंवा गरजू माणसाला फुकट अथवा खूप स्वस्तात दिली, तरच बाजारभाव धरता येतो. ‘आम्ही गरिबांना गाड्या देतो’ असं तोंडी सांगितलेलं पुरत नाही, तसा दाखला फॉर्मवर हवा.

तो फॉर्म म्हणजे १०९८-सी. हातात आल्यावर आधी चौकट ४-सी पाहा, विक्रीची रक्कम तिथे असते. ५-ए आणि ५-बी या वरच्या अपवादांच्या चौकटी. चौकट ७ वर खूण असेल तर ५०० च्या वर एक डॉलरही मागता येत नाही. ६-ए आणि ६-बी कडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. गाडीच्या बदल्यात ‘तीन दिवस हॉटेल मोफत’चं व्हाउचर घेतलं असेल, तर त्याची किंमत वजावटीतून वजा होते. विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत संस्थेने हा फॉर्म द्यायला हवा आणि वजावट ५०० च्या वर असेल तर तो रिटर्नला जोडावा लागतो. सोबत फॉर्म ८२८३ ही लागतो. टोइंगवाल्याने दिलेली पिवळी पावती म्हणजे १०९८-सी नव्हे. तिच्यावर विसंबून पाच हजार लावले आणि चौकशी आली, तर कर, व्याज आणि दंड तुमच्याच माथी. फोनवरचा माणूस तेव्हा सापडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट तर कुणी सांगतच नाही. आयटमाइझ करत नसाल, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेत नसाल, तर गाडी दान करून करात शून्य फायदा. २०२५ साठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठरलेली वजावट, ३१,५०० डॉलर होती. घराचं व्याज, राज्याचा कर आणि दान मिळून त्याच्या वर जात नसेल, तर हा सगळा खटाटोप करासाठी करू नका. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही थोडी वजावट आहे, पण ती फक्त रोख दानाला, गाडीला नाही. आयटमाइझ करणाऱ्यांचंही उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान आता मोजलं जात नाही. दोन लाख डॉलर उत्पन्न असेल तर दानातले पहिले एक हजार गेलेच. दानच करायचं असेल, तर गाडी स्वतः विकून त्या पैशांचा चेक संस्थेला द्यावा. संस्थेला जास्त मिळतं आणि वजावटही मोठी होते.

पैसे जातात कुठे? जाहिरातीवर नाव संस्थेचं असतं, पण फोन उचलते मधली कंपनी. टोइंग, लिलावाची फी, जाहिरातीचा खर्च आणि स्वतःचा वाटा कापून उरलेलं संस्थेला पोहोचतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००३ मध्ये ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत संस्थेला दात्याने लावलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी मिळालं होतं. फेडरल ट्रेड कमिशन आणि काही राज्यांनी २०२५ मध्ये अशाच एका मधल्या कंपनीवर कारवाई केली. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्यांच्या नावाने गोळा केलेल्या गाड्यांतून साडेचार कोटी डॉलरच्या वर जमले आणि तपासण्यांवर खर्च झाले जेमतेम सव्वा लाख, असा आरोप होता. वाचून संताप येतो, कारण गाडी देणाऱ्यांनी ती मनापासून दिली होती.

म्हणून फोन मधल्या कंपनीला नाही, थेट संस्थेला करा. विक्रीतले किती टक्के संस्थेला मिळतात, ते लेखी विचारा. संस्थेचा ईआयएन हा कर-ओळख क्रमांक घ्या आणि आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) करमुक्त संस्थांच्या शोधयादीत तपासा. नाव नामांकित संस्थेसारखं ऐकू येतं, यावर जाऊ नका, क्रमांकच जुळला पाहिजे. मंदिरं आणि चर्च या यादीत नसली तरी पात्र असू शकतात, तिथे विश्वस्तांकडे करमुक्त दर्जाचं ५०१(सी)(३) चं पत्र असेल तर मागून घ्या. भारतातल्या ट्रस्टची ८०जी पावती अमेरिकेच्या रिटर्नमध्ये चालत नाही.

आता टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. टोइंगवाला गडबडीत असतो. “इथे सही करा, खरेदीदाराचं नाव कोरंच ठेवा,” म्हणतो. कोरं टायटल दिलं की गाडी नोंदणी न करताच हातोहात विकली जाते आणि सरकार दरबारी मालक तुम्हीच राहता. मग टोलची बिलं, पार्किंगचे दंड आणि अपघात झाला तर वकिलाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते, तुम्ही पुण्यात असलात तरी. संस्थेचं पूर्ण नाव, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा स्वतःच्या हाताने भरा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मगच किल्ली द्या. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचं नाव टायटलवर राहिलं असेल, तर लीन रिलीज, म्हणजे बँकेचा हक्क संपल्याचा कागद, आधी मिळवा. गाडी हलली की डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याला, कळवा: कॅलिफोर्नियात ५ दिवसांत, टेक्सासात ३० दिवसांत. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत प्लेट काढून परत करायची असते. न्यूयॉर्कमध्ये त्याची पावती मिळाल्यावरच विमा बंद करावा. टोलचा टॅग, गॅरेजचा रिमोट, ग्लव्ह बॉक्समधली पत्ता असलेली कागदपत्रं काढून घ्या, गाडीला जोडलेल्या फोनची तिच्यातली माहितीही पुसून टाका.

तारखेचीही एक गंमत केली जाते. “आज फोनवर नोंदवा, गाडी जानेवारीत नेऊ, पावती डिसेंबरची देऊ.” दान धरलं जातं गाडी तुमच्या ताब्यातून गेली त्या दिवशी. विक्री पुढच्या वर्षी झाली तरी हरकत नाही, पण गाडी ३१ डिसेंबरच्या आत गेलेली असली पाहिजे.

गाडी गेली आणि १०९८-सी आलाच नाही, तर संस्थेला लेखी मागणी करा. फॉर्म हातात येईपर्यंत ५०० च्या वर काहीही लावू नका, वेळ लागत असेल तर रिटर्नसाठी मुदतवाढ घ्या. तरीही आला नाही, तर राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार करा आणि आयआरएसला फॉर्म १३९०९ पाठवा. टायटलचे फोटो आणि टोइंगची पावती त्याला जोडा.