पँडोरा: नायक विसरतो, डोंगर राहतो

फ्लोरिडातील डिस्नेच्या ॲनिमल किंगडम या उद्यानात ‘अवतार’ चित्रपटावर बेतलेला विभाग उभारला जाणार, ही घोषणा २०११ साली झाली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती, आणि त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. २००९ च्या त्या चित्रपटाने तिकीटबारीचे सारे विक्रम मोडले होते खरे. पण त्यातल्या नायकाचे नाव विचारले तर चित्रपट दोनदा पाहिलेला माणूसही डोके खाजवतो. उलट, घोषणेच्या आदल्याच वर्षी ऑरलँडोत युनिव्हर्सलने हॅरी पॉटरचे हॉग्समीड गाव उभे केले होते. तिथे काळे झगे घालून, विकत घेतलेली कांडी परजत, हातात बटरबिअरचा पेला धरून हिंडणारी गर्दी पाहिली की, ज्या कथेतील पात्रांवर लोकांचा जीव जडलेला आहे तीच कथा अशा कामासाठी निवडावी, असे कुणालाही वाटले असते. मलाही तसेच वाटत होते. २७ मे २०१७ रोजी खुल्या झालेल्या या ‘पँडोरा’मध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत हिंडल्यावर मात्र माझे मत फिरले.

सुमारे १२ एकरांच्या या विभागात चित्रपटातील एकही मुख्य पात्र भेटायला येत नाही. चित्रपटात पृथ्वीवरून आलेली खाणी खोदणारी कंपनी आणि पँडोरा या चंद्रावरचे निळे रहिवासी यांच्यात झालेले युद्ध संपून काही पिढ्या लोटल्या आहेत, कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली आहे आणि आता एक पर्यटन संस्था पृथ्वीवरच्या लोकांना हा चंद्र दाखवायला आणते, एवढीच इथली पार्श्वभूमी. ही युक्ती मला फार मार्मिक वाटली, कारण पाहुण्याला पर्यटकाचीच भूमिका दिली की त्याला वेगळे नाटक करावे लागत नाही. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि हातात पाण्याची बाटली घेऊन तो आधीच सजून आलेला असतो. स्टार वॉर्सच्या २०१९ मध्ये उघडलेल्या विभागासाठीही डिस्नेने बातू हा नवाच ग्रह रचला, पण त्या कथेवर लोकांचे प्रेम होते ते माणसांमुळे, आणि ल्यूक, लेया किंवा डार्थ व्हेडर भेटतील या आशेने आलेल्यांना सुरुवातीला ते तिथे दिसले नाहीत. पँडोरात कुणी कुणाला शोधत नाही. सगळे वर पाहत असतात.

वर पाहण्यासारखे आहेच. चित्रपटातल्याप्रमाणे इथे हवेत तरंगणाऱ्या डोंगरांपैकी सर्वांत उंच १५६ फुटांवर आहे, आणि त्यांना पेलणारे पोलाद खाली लोंबणाऱ्या वेलींमध्ये असे दडवले आहे की कोणती वेल भार घेते आणि कोणती शोभेची, हे मी बराच वेळ खाली उभा राहून शोधत होतो. पायवाटेच्या कडेला खऱ्या झाडांत घडवलेली झाडे बेमालूम मिसळली आहेत. कंपनीच्या जुन्या बांधकामावर मात्र गंज चढलेला, काँक्रीट फुटलेले आणि त्यातून हिरवळ वर आलेली. हा गंज रंगाचा आहे हे बोट लावल्यावरच कळते.

‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ ही उडणाऱ्या प्राण्यावर स्वार होण्याची इथली मुख्य राईड. तिच्या रांगेतच प्रयोगशाळेतल्या टाकीत तरंगणारा निळा देह दिसतो आणि झोपेत हलावा तशी त्याची बोटे मधूनच हलतात. (तासन्‌तास रांगेत उभे राहिल्यावर टाकीच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून ‘काय हा अवतार!’ असे मराठी माणसाच्या तोंडून निघाले, तर तो शब्द तरी आपल्याकडूनच गेला आहे.) आसन मोटारसायकलसारखे आहे, पाठ आणि पोटऱ्या मागून अडकवल्या जातात, आणि मग दोन्ही मांड्यांखाली त्या उडणाऱ्या प्राण्याचा श्वास फुगताना व ओसरताना जाणवतो. समोरच्या पडद्यावरील दऱ्या आणि लाटा उत्तम आहेतच, पण माझ्या लक्षात राहिला तो हा श्वास. उंची ४४ इंचांहून कमी असलेल्या मुलांना इथे प्रवेश नाही.

नदीतील होडीची सफर त्या मानाने फिकी आहे. जंगल सुरेख उजळते, शेवटी गाणाऱ्या वैदूबाईच्या यांत्रिक पुतळ्याचे हात आणि चेहरा थक्क करतात, पण पाच मिनिटांच्या आतबाहेर सारे आटोपते आणि मधे काही घडत नाही. तासभर रांग असेल तर तिचा मोह सोडावा. ‘सातुली कँटीन’मध्ये शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, कारण कुरकुरीत टोफूचा वाडगा मिळतो.

दिवसाउजेडी काही घडवलेली झाडे प्लास्टिकची वाटतात, हे मान्य करायला हवे. अंधार पडला की तीच झाडे आणि पायाखालची वाट मंद चमकू लागते. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात चमकणारी बुरशी किंवा मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजव्यांनी लगडलेले झाड ज्याने पाहिले आहे, त्याला ही रोषणाई थोडी नीटनेटकी वाटेल. तरीही मी उद्यान बंद व्हायची वेळ होईपर्यंत तिथून हललो नाही.

निवड जुळण्याचे आणखी एक कारण उद्यानाच्या जन्मातच आहे. १९९८ साली ते उघडले तेव्हा काल्पनिक प्राण्यांचाही एक विभाग योजला होता. तो झाला नाही, पण बोधचिन्हात ड्रॅगन राहून गेला. निसर्ग ओरबाडणाऱ्या माणसांची कथा प्राण्यांच्या उद्यानात आली, म्हणून ती उपरी वाटत नाही.

आता याच उद्यानात डायनोसॉरच्या विभागाच्या जागी उष्णकटिबंधीय अमेरिकेवरचा विभाग येणार असून त्यासाठी ‘एन्कांतो’ हा ॲनिमेशनपट आणि साहसपटांचा नायक इंडियाना जोन्स यांची निवड झाली आहे. ‘एन्कांतो’ची मला चिंता नाही, कारण तिथले घरच जिवंत आहे आणि कुटुंब बाहेरगावी गेले तरी ते पाहायला लोक जातील. इंडियाना जोन्सच्या बाबतीत मात्र टोपी आणि चाबूक बाजूला ठेवल्यावर मागे उरणारे मंदिर कसे बांधतात, ते पाहायला मी पुन्हा जाईन.