नेपाळची शाळा की जपानचं शेत?

"परदेशात एखाद्या खेड्यात, कुणाच्या तरी घरी राहून काही काम करायचंय. कुठे जाऊ?" असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा दोन चित्रं असतात. एकात नेपाळच्या डोंगरातली शाळा, दुसऱ्यात जपानमधलं भाताचं खाचर. दोन्हीकडे घरच्यांबरोबर उठायचं, जेवायचं, पडेल ते करायचं. तरी दोन्हींची जात वेगळी आहे, आणि निवड चुकली तर त्याचा जाच आपल्यापेक्षा यजमानांना जास्त होतो.

आधी नेपाळ, कारण ते अंगवळणी पडायला सोपं. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. विमानाने जाणार असाल तर आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका. १५ ते ६५ वयाच्या माणसांना ते चालत नाही. पैसे वाचवायचे तर कुर्ला टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठायचं, तिथून सोनौलीला जाऊन सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडून बुटवल, तानसेन, स्यांग्जा करत पोखऱ्याला जाणारी बस धरायची. वरंधा घाट झोपेत पार करणारा माणूससुद्धा या रस्त्यावर जागा राहतो. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपल्या १ रुपयाचे तिथले १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे.

याच वाटेवरच्या स्यांग्जा जिल्ह्यात सिरुबारी हे गुरुंग जमातीच्या लोकांचं गाव आहे. पाहुण्यांना घरोघरी ठेवून घ्यायची नेपाळमधली पद्धत १९९७ च्या सुमारास इथून सुरू झाली. पाहुणा घर निवडत नाही. गावाची समिती पाळीपाळीने घर ठरवते, म्हणजे ज्याचं अंगण मोठं त्याच्याकडेच सगळा पैसा जात नाही. घरात पाऊल ठेवलं की नाती तयारच असतात: आमा, बुबा, दिदी, बहिनी. 'दाइ' म्हणजे थोरला भाऊ, हे आधीच घोकून ठेवा. पुरुषाला दाई म्हणताना मराठी जीभ अडखळते.

मराठी माणसाला इथे मिळणारी सवलत फार थोड्या पाहुण्यांना मिळते. लिपी तीच, त्यामुळे शाळेचा फळा, दुकानाची पाटी पहिल्या दिवसापासून वाचता येते. 'जुठो' म्हणजे आपलं उष्टं, आणि त्याचे नियमही ओळखीचे. दालभात सकाळी नऊ-दहाला आणि पुन्हा रात्री; मधल्या वेळी 'खाजा', पण तो जत्रेतला मालवणी खाजा नव्हे, नुसतं दुपारचं खाणं. 'कोदो' ऐकून कोद्रा समजू नका, ती आपली नाचणी. तिचा ढिंडो म्हणजे घट्ट उकड, सोबत आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, म्हणजे गुंद्रुकचा, आंबट रस्सा. ज्याने घरी नाचणीची आंबील प्यायली आहे तो इथे उपाशी राहणार नाही.

एवढं सगळं जुळत असताना मी बहुतेकांना नेपाळची शाळा नको का सांगतो? कारण अडचण राहण्याची नाही, कामाची आहे. त्या शाळेत शिक्षक असतो. दोन आठवड्यांसाठी येणारा पाहुणा त्याचा तास घेतो, मुलांना इंग्रजी गाणं शिकवतो, फोटो काढतो आणि जातो. पुढचा येतो, पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात. मुलांना गंमत वाटते, अभ्यासक्रम मात्र तिथेच राहतो. शिवाय दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर तिकडे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी असते आणि शाळेला कुलूप. त्यांचं शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होतं, आठवड्याची सुट्टी शनिवारी.

आणि 'अनाथाश्रमात सेवा' अशी पाटी लावून तुमच्याकडूनच पैसे घेणारं कुणी भेटलं तर मागे फिरा. नेपाळमधल्या बालगृहांत ठेवलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने सांगितलेलं आहे. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून काही ठिकाणी मुलं गावाकडून आणली जातात. तिथे आपली चांगली इच्छाच गिऱ्हाईक ठरते.

जपानचं नेमकं उलटं. जायला कठीण, राहायला कठीण, पण काम सरळ. 'वूफ' नावाची पद्धत १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड या लंडनच्या सेक्रेटरी बाईंनी सुरू केली, शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबता यावं म्हणून. आज ती जपानसकट अनेक देशांत आहे. सभासद-वर्गणी भरायची, मग जेवण आणि निजायची जागा शेतकऱ्याची, दिवसाला साधारण सहा तासांचं काम तुमचं, मजुरी नाही. जपानमध्ये शेती हाच मुख्य व्यवसाय असणाऱ्यांचं सरासरी वय ६८ च्या आसपास आहे, आणि २०२३ च्या पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी आढळली. अशा गावात तण उपटायला आलेला तरुण हात म्हणजे खरोखरच हात. तुम्ही कुणाचा उद्धार करायला आलात असं तिथे कुणी मानत नाही, तुम्हालाही मानावं लागत नाही.

घर मात्र शिस्तीचं. दारात चपला काढायच्या हे आपल्याला सांगायला नको, पण संडासातल्या सपाता वेगळ्या आणि त्याच पायांनी खोलीत आलात तर सगळं घर थबकतं. आंघोळ टबाबाहेर बसून साबण लावून उरकायची, मगच गरम पाण्याच्या टबात शिरायचं. ते पाणी सगळ्या घराचं एकच. शाकाहाऱ्यांनी नीट विचार करावा. साध्या मिसो सूपचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपचं पाणीसुद्धा बहुतेकदा वाळवलेल्या माशाचं असतं, आणि "मासे नकोत" म्हटल्यावर समोर येणाऱ्या भाजीत ते पाणी असू शकतं. भाषा येत नसेल तर संध्याकाळ फार शांत जाते.

व्हिसाबद्दल लपवाछपवी करू नका. सुट्टीवर जाऊन काम करू देणारी जपानची जी योजना आहे, तिच्यात भारत नाही. काम करून मिळालेलं जेवण-राहणं हा मोबदला धरायचा का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. न्यूझीलंडमध्ये तर ते सरळ काम समजतात आणि तसाच व्हिसा मागतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी वकिलातीला लेखी विचारा.

माझा कौल असा. हाताशी महिनाच असेल, पैसे असतील आणि कंबर धड असेल तर जपान. भातलावणी मे-जूनमध्ये, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. महिना आहे पण पैसे नाहीत, तर सिरुबारीला किंवा लमजुंग जिल्ह्यातल्या घलेगाउँ या तशाच गावी जा, पण स्वयंसेवक म्हणून नको. पाहुणा म्हणून पैसे मोजा आणि आमाबरोबर शेंगा सोला. शिक्षणाचा खरा अनुभव आणि किमान तीन महिने असतील, तरच शाळा. त्या शाळेच्या हेडसरांना पहिल्याच पत्रात विचारा: मी गेल्यावर हे कोण पुढे चालवणार? उत्तरात एखाद्या शिक्षकाचं नाव आलं तर बॅग भरा. जपानच्या शेतकऱ्याला मात्र वेगळं पत्र: काय खात नाही, किती दिवस राहणार, आणि विळा कधी हातात धरला आहे का.