लहान मुलांचं अपेंडिक्स: आधी सोनोग्राफी की थेट सीटी?

बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलट्या झाल्या, अंग कोमट लागतंय आणि सर्जनना अपेंडिक्सची शंका आहे, की आई-बापांपुढे हा प्रश्न येतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दवाखाना चालवताना मी मुलं दोन्हीकडे पाठवली आहेत. माझ्या भाच्याच्या वेळी तर निर्णय घरचाच होता.

सीटी स्कॅनची बाजू लंगडी नाही. सोनोग्राफी डॉक्टरनं स्वतः करावी लागते आणि रात्री तालुक्याच्या गावी तो मिळेलच असं नाही. लिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे मशीन नोंदणीच्या जागेवरून उचलून जांबोटी-कणकुंबीसारख्या आडगावी नेताही येत नाही. सीटी टेक्निशियन काढतो, रिपोर्ट दुसऱ्या गावी बसलेला डॉक्टर वाचू शकतो. मूल अंगानं जाड असेल, अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेलं असेल किंवा फुटून आत पू साठला असेल, तर सीटीत बहुधा जास्त उलगडतं.

सीटीतल्या क्ष-किरणांचा धोका तुम्हाला ठाऊक आहेच. सीटीवरून माझं मन फिरलं ते मात्र गुंगीच्या औषधामुळे. भाचा लहान, सीटीच्या टेबलावर क्षणभर स्थिर राहीना, म्हणून औषध द्यावं लागलं. रिपोर्ट आला तो 'निश्चित सांगता येत नाही' असा. आता पोट तपासूनच ठरवायचं, तर पोर गाढ झोपलेलं! सर्जननी पोटावर हात ठेवला, दाबून पाहिलं, आणि जागा होईपर्यंत थांबू म्हणाले. दुखणं कुठं आहे हे ज्यानं सांगायचं, त्यालाच आम्ही गप्प केलं होतं. ते थांबणं फार जड गेलं.

मग सोनोग्राफी झाली. आई उशाशी बसली होती. "बाळा, एक बोट ठेव बघू, कुठं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं आणि त्यानं बोट ठेवलं तिथंच प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं मशीनचं टोक, हळूहळू दाबत नेला. ही दाबत जाण्याची रीत डच डॉक्टर प्युलार्ट यांनी 1986 मध्ये मांडली. दाबानं वायू बाजूला सरतो, साधं आतडं चपटं होतं, सुजलेलं अपेंडिक्स होत नाही. त्याची जाडी 6 मिलिमीटरच्या वर गेली की संशय बळावतो. भाच्याचं तसंच निघालं.

सोनोग्राफीचा त्रासही आहे. 'अपेंडिक्स दिसले नाही' म्हणजे 'नॉर्मल' नव्हे, आणि इथंच बरेच पालक निर्धास्त होऊन घरी जातात. भोवती पाणी आहे का, चरबी सुजली आहे का, की आतड्याजवळच्या नुसत्या लसिका गाठी वाढल्यात, हे सोनोग्राफी करणाऱ्यालाच विचारा. शंका राहिली तर काही तासांनी सर्जनकडून पोट तपासून सोनोग्राफी पुन्हा करता येते. सीटी अशी परत परत काढत नाहीत. तरीही उलगडा झाला नाही तर सीटी आहेच, तेव्हा मी अडून बसणार नाही.

निपाणीकरांनी कोल्हापूर की बेळगाव हे ठरवताना अंतरापेक्षा मुलांची पोटं पाहणारा सोनोग्राफीवाला आत्ता हजर आहे का, हे फोनवर विचारावं. तोवर एरंडेल पाजू नका, आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायलाही काही देऊ नका.