सोडवलेली उत्तरं वाचावीत की कोरा कागद घेऊन बसावं?

संभाव्यतेपासून व्यवस्थापनापर्यंत पाच-सहा पेपर एकदम अंगावर आले की तयारीच्या दोन वाटा दिसतात: सोडवलेल्या प्रश्नपत्रिका वाचत सुटणं, किंवा उत्तर झाकून स्वतः सोडवणं. माझा कौल दुसरीला आहे, पण सरसकट नाही.

प्रकरण अगदीच नवं असेल तर आधी सोडवलेलं उदाहरणच घ्या. स्वेलर आणि कूपर यांच्या १९८५ च्या बीजगणितावरील प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांनी तशीच गणितं नंतर लवकर आणि कमी चुका करत सोडवली. अडचण पुढे येते. वाचताना सगळं पटत जातं, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटू लागतं. रोएडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये उतारे वाचायला देऊन हे तपासलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे.

संभाव्यतेत हा फरक फार बोचतो. पिशवीत ५ लाल, ३ निळे चेंडू. दोन काढले, दोन्ही लाल येण्याची शक्यता किती? पहिला चेंडू परत ठेवला तर २५/६४, म्हणजे सुमारे ०.३९. नाही ठेवला तर ५/१४, सुमारे ०.३६. उत्तरं इतकी जवळ की चुकलेलं उत्तर पाहूनही शंका येत नाही. गुणाकार सगळ्यांनाच येतो. अडतं ते कोणती रीत लावायची इथेच. पुस्तकात ते प्रकरणाचं नावच सांगून टाकतं, पेपरात कोणी सांगत नाही. म्हणून स्वतः सोडवायचं तेही प्रकार मिसळून. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची गणितं एकेका प्रकाराने सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आकडे अनुक्रमे २० आणि ६३! सराव जड जातोय म्हणून तो सोडून देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

आर्थिक मागणी प्रमाण (एका वेळी किती माल मागवला तर एकूण खर्च सर्वांत कमी), समविच्छेद बिंदू (किती विक्रीला ना नफा ना तोटा) ही व्यवस्थापनातली गणितं याच नियमात बसतात.

लेखी उत्तरांचं तसं नाही. समजा प्रश्नात म्हटलंय: पगार वाढवला, तक्रारी थांबल्या, पण कामातला उत्साह वाढला नाही. इथे मॅस्लोची माणसाच्या गरजांची पाच पायऱ्यांची उतरंड पाठ आहे म्हणून पानभर उतरवली जाते. खरं तर नेमका लागू पडतो तो हर्झबर्गचा द्विघटक सिद्धांत: पगार असमाधान थोपवतो, प्रेरणा देत नाही. अशा प्रश्नांवर पूर्ण उत्तरं लिहीत बसण्यापेक्षा पाच मिनिटांचा आराखडा करा. सिद्धांत कोणता, प्रसंगातलं कोणतं वाक्य त्याला आधार देतं, आणि शिफारस काय. नमुना उत्तर त्यानंतरच उघडा.

आपली वाट कोणती हे चुकलेले प्रश्नच सांगतात. रीतच माहीत नव्हती तर सोडवलेल्या उदाहरणाकडे परत जा. रीत येत होती पण दुसरीच लावली, तर पुढचा सराव सरमिसळ प्रश्नांचाच हवा, पेपर दोन दिवसांवर असला तरी.