येझदी 250: एक पावसाळा आणि एक उन्हाळा रोज वापरल्यावर

आधीच सांगतो, माझी गाडी काचेच्या कपाटातली नाही. 1979चं मॉडेल, येझदी 250 मोटरसायकल. रोज कामावर न्यायची म्हणूनच घेतली आणि नेतोही. ठाण्यात चरईतून वागळे इस्टेट, मध्ये तीन हात नाका. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असले की कधी घोडबंदर, कधी नाशिक हायवेने शहापूरपर्यंत. गाडीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: म्हैसूरच्या कारखान्यातून जे आलं ते अजून ठणठणीत आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्यावर जे चढवलं गेलं तेच मला रस्त्यात उभं करतं. "जुनी गाडी म्हणजे डोकेदुखी" असं म्हणणाऱ्यांनी दुखतंय नेमकं कुठे, हे सहसा बघितलेलं नसतं.

आधी जे जमून आलंय ते. नवख्या माणसाला या गाडीची किकच सापडत नाही. डाव्या बाजूला एकच दांडा, तोच गिअर आणि तीच किक. न्यूट्रल करायचं, दांडा आत दाबून वर फिरवायचा, की झाली किक. इंजिन चालू झालं की दांडा परत खाली, गिअरच्या जागी. गाडी थंड असेल तर त्याआधी पेट्रोलचा कॉक उघडून कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल बाहेर ओलसर दिसेपर्यंत दाबून धरायचं. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणारे इग्निशनचे संपर्क, साफ असतील तर दुसऱ्या किकला चालू. बुलेटसारखं अँपिअर मीटरकडे बघत पिस्टन जागेवर आणा, मग नारळ फोडा, असलं काही नाही. माझ्या मुलीने दोनदा बघून तिसऱ्यांदा स्वतः चालू केली.

खरी करामत क्लचमध्ये आहे. गिअरचा दांडा पायाने दाबला की आतला क्लच आपोआप सुटतो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर बदलताना हाताने क्लच दाबायची गरज नाही. मी आधी याला गंमत समजत होतो. मग एकदा मानपाड्याच्या सिग्नलला क्लचची केबल तुटली. केबल नवीकोरी, बसवून फार दिवसही झाले नव्हते. लिव्हरजवळची शिशाची गुंडी निसटून आली होती. संध्याकाळची वेळ, मेट्रोच्या कामामुळे रस्ता आधीच अरुंद, मागून बसचा हॉर्न. पाय दांड्यावर दाबून पहिला गिअर टाकला, दांडा तसाच दाबून धरला, थोडी रेस दिली आणि पाय हळूहळू वर घेतला. गाडी एक हिसका देऊन निघाली. घरापर्यंत असाच आलो, प्रत्येक सिग्नलला पायानेच क्लच सोडत. नव्या केबलने दगा दिला आणि 1946 सालच्या डोक्याने घरी आणून सोडलं.

1946 का, तर हा क्लच जावाच्या पेराक या 250 सीसी गाडीबरोबर आला. येझदीचं मूळ जावा, आणि जावाचं मूळ प्राग. फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रं बनवणारा कारखानदार. पहिलं महायुद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी आटली. तेव्हा 1929मध्ये त्याने वाँडरर या जर्मन कंपनीकडून 500 सीसी गाडीचं डिझाइन आणि साहित्य विकत घेतलं आणि मोटरसायकलच्या धंद्यात उतरला. गाडी देखणी होती, पण महाग, आणि वर जागतिक मंदी आलेली. कंपनी तरली ती 1932च्या 175 सीसीच्या साध्या, स्वस्त टू-स्ट्रोकमुळे. तिच्यात इंजिन व्हिलियर्स या इंग्रज कंपनीचं आणि डोकं जॉर्ज पॅचेट या इंग्रज इंजिनिअरचं. थोडक्यात, ज्याच्या खिशात फार पैसे नाहीत आणि घरी गॅरेज नाही अशा माणसासाठी गाडी बनवायची, हे या कंपनीने ठेच लागल्यावर शिकलेलं शहाणपण. पेराक तर जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, लपूनछपून तयार झाली. यानेचेक 1941मध्येच वारला, त्यामुळे 1946च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिचं झालेलं कौतुक त्याला बघता आलं नाही.

आपल्याकडे ही गाडी आणली इराणी कुटुंबाने. आधी ते जावा आयात करून विकायचे. पन्नाशीच्या दशकात तयार गाड्यांच्या आयातीला सरकारने आडकाठी केली, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी परवाना घेऊन म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी उभी केली. 1961च्या सुमारास तिथून गाड्या निघू लागल्या. सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत टाकीवर जावा लिहिलेलं असे, पुढे येझदी आलं. नाव बदललं तरी आतलं यंत्र बरंचसं तेच राहिलं: एकच सिलिंडर, 248.5 सीसी, 65 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), आणि त्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर.

स्ट्रोक लांब असल्यामुळे गाडी खालून ओढते. तीन हात नाक्याच्या रांगेत दुसऱ्या गिअरवर रांगते तरी ठेचकाळत नाही. मोकळ्या हायवेला पन्नास-साठच्या दरम्यान ती जो ठेका धरते, तो ऐकत पडघ्यापर्यंत कधी पोचलो ते कळत नाही. ऐंशीच्या पुढे मात्र हँडल आणि पायदाण्या मुंग्या आणतात, आणि ब्रेकचा विचार करता तिथे जायचंही कारण नाही.

चेन पूर्ण बंद डब्यात आहे. पावसाळ्यात याची किंमत कळते. आमच्या मजल्यावरचा मुलगा पावसात दर आठवड्याला स्प्रे घेऊन चेन घासत बसतो. माझ्या चेनचा डबा मी पावसाआधी उघडून ग्रीस लावलं आणि दिवाळीला उघडलं तेव्हा आत ग्रीस जसंच्या तसं होतं.

आता तक्रारी. माझ्या आधीच्या मालकाने गाडी "रिस्टोअर" करून घेतली होती. म्हणजे काय, तर टाकीला चेरी रंग, सोनेरी रेघा, सायलेन्सरपासून चाकांच्या रिमपर्यंत सगळीकडे नवीन क्रोम. फोटोत नवरीसारखी दिसते. ते क्रोम एका पावसाळ्यात फुटकुळ्या येऊन सोलवटलं. पण त्या चकाकीतून सुटलेल्या, हेडलाइटच्या काचेभोवतीच्या पट्टीवर म्हैसूरचं मूळ क्रोम आहे, ते पिवळट पडलंय पण एक ठिपका गंजलेला नाही. माझं स्पष्ट मत आहे की चकाकीवर घातलेला पैसा क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) रबरी सीलांवर आणि वायरिंगवर घातला असता तर मला ही गाडी दुप्पट आवडली असती.

सील हा या इंजिनाचा नाजूक भाग. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते. डाव्या बाजूचं सील कडक झालं की इंजिन प्रायमरीकडचं, म्हणजे क्लचच्या डब्यातलं, ऑइल ओढून घेतं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. उजवीकडचं गेलं की बाहेरची हवा शिरते आणि गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी रेसवरच राहते. मला दोन्ही अनुभव आले. बाजारात मिळणारी साधी सीलं आजच्या पेट्रोलला टिकत नाहीत असं माझ्या मिस्त्रींचं म्हणणं, आणि ते पटतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या धाटणीचं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणीही ओढतं. सीलं, पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं बसवल्यापासून ती कटकट थांबली. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून कार्ब्युरेटर जाळून कोरडा करतो.

पेट्रोलमध्ये ऑइलचं मिश्रण हातानेच करावं लागतं. मी लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल टाकतो. पूर्वी पंपावर मिश्रण करून देणारं यंत्र असायचं, आता पंपावरच्या पोराला टू-टी म्हणजे काय ते समजवावं लागतं. डिकीत मापाची बाटली कायम ठेवली आहे. ऑइल आधी, पेट्रोल नंतर, म्हणजे नीट मिसळतं. ॲव्हरेज ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये पंचवीसच्या आसपास, हायवेला तिशीला टेकतं. याच आकड्याने हिचा घात केला. 1984 ते 86 या काळात सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकीची नावं लावलेल्या 100 सीसी गाड्या आल्या, आणि हिरो होंडाने लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात केली. त्यापुढे पंचवीसचं कौतुक कोण करणार? कारखाना रेटत राहिला आणि 1996मध्ये बंद पडला.

धुराबद्दल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्यावर एक टोमणा येऊन गेलाय. गाडी धूर सोडते हे खरं, पण किती सोडते ते जाळीवर अवलंबून आहे. सायलेन्सरच्या शेपटीचा बोल्ट काढला की आतली जाळीदार नळी बाहेर ओढता येते. पहिल्यांदा काढली तेव्हा ती पकडीनेही येईना. एका सायलेन्सरमधली जवळपास पूर्ण बुजलेली, काळ्या डांबरासारख्या थराने भोकं दिसेनाशी झालेली. दुसरी त्यामानाने बरी. म्हणजे गाडी दीड नाकपुडीने श्वास घेत होती. जाळ्या रात्रभर कॉस्टिक सोड्यात ठेवल्या, सकाळी तारेच्या ब्रशने घासल्या. त्या दिवशी गाडी हलकी वाटली आणि आवाजही बदलला, दोन्ही बाजूंनी सारखा, गोल. हे काम अंगणात, एका पान्याने होतं. मात्र हातमोजे घाला, कॉस्टिक चामडी सोडत नाही.

वीज हा दुसरा कच्चा दुवा. मूळ डायनामो 6 व्होल्टचा. रात्री घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे हेडलाइट खड्डा दाखवत नाही, खड्डा आलाय हे कंबर सांगते. मी 12 व्होल्ट करून घेतलं. मूळ ते मूळ म्हणणारे नाक मुरडतील, मुरडोत. पॉइंटची गॅप 0.4 मिलिमीटरला ठेवली आणि चांगला कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा डबा) मिळाला तर इग्निशन त्रास देत नाही. अडचण त्या "चांगला"मध्ये आहे. डब्यातून काढलेले नवे कंडेन्सर एकामागून एक गेले. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून काढलेला एक जुना मिळाला, तो आजही आहे. पावसात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं की मात्र मी सरळ लांबचा रस्ता धरतो. पॉइंट इंजिनाच्या उजव्या झाकणामागे, बरेच खाली आहेत, तिथवर पाणी गेलं की संपलं.

ब्रेक दोन्ही ड्रम, आणि ते ड्रमच आहेत एवढंच म्हणतो. पुढच्या कारसमोर दीड गाडीचं अंतर सोडायचं, त्या अंतरात रिक्षा घुसणारच हेही धरून चालायचं. 16 इंची चाकांमुळे गाडी बुटकी, पाय सहज टेकतात, पण खड्डा अंगावर येतो. बायकोला मागची सीट पसंत आहे, धक्के नापसंत.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर आणि नव्या सुरक्षा नंबरप्लेट. बरेच जण विचारतात की व्हिंटेजमध्ये का नाही टाकत. एक तर 2021च्या नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची व्हावी लागते. दुसरं, तशी नोंदणी केली की गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मला ते नको आहे.

आणखी एक प्रश्न नेहमीचा: नव्या जावा-येझदीचे पार्ट बसतात का? नाही. 2018ला आलेली जावा आणि 2022ला आलेली येझदी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आहेत. नाव तेच, नट-बोल्टही सामायिक नाही. जुन्याचे पार्ट मिळतात, पण नव्या डब्यातला आणि जुन्या गाडीतून काढलेला यांत निवड आली तर मी काढलेला घेतो. वागळे इस्टेटमध्ये एक लेथवाले काका आहेत, ब्राँझचं बुश सांगितल्या मापाला, अर्ध्या दिवसात करून देतात. त्यांच्यासारखा माणूस जवळ नसेल तर ही गाडी घेण्याआधी दोनदा विचार करा.

घ्यायचीच असेल तर रंग बघू नका. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून बघा, झोत सारखा हवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस खाली बसते का बघा. चालत्या गाडीत हाताचा क्लच न दाबता वरचे गिअर टाकून बघा. खडखडाट झाला तर तो क्लच कुणीतरी चुकीचा जुळवलाय. शेवटी चॅसी आणि इंजिन नंबर चिंधीने पुसून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून घ्या. नंबरावर ताज्या रंगाचा जाड थर दिसला, तर चहा प्या आणि निघा.