माती पास, कॅनव्हास नापास

गोव्यात, बार्देशातल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर अमूर्त चित्रकलेची दोन दिवसांची कार्यशाळा भरते. जाहिरातीत ‘निसर्ग आणि माणसामाणसांतलं नातं’ वगैरे बरंच काही असतं. त्यातला निसर्ग खरोखर मिळतो, कारण इथे जांभ्यापासून रंग करायला नीट शिकवतात.

जांभ्याच्या चिऱ्याचा चुरा कुटून भरपूर पाण्यात ढवळायचा. मिनिटभरात वाळू तळाशी बसते, तेवढ्यात वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. रात्रभरात त्याखाली लोण्यासारखा गाळ जमतो. तो वाळवून, वस्त्रगाळ करून काचेवर घोटायचा. लाली लोहाच्या ऑक्साइडची, त्यामुळे उन्हाने विटत नाही. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरची माती मात्र आणू नका. त्यातलं मीठ चित्र वाळल्यावर पांढरं फुटतं. आणलीच तर दोन-तीन पाण्यांनी धुवा.

कागदासाठी बाइंडर, म्हणजे माती धरून ठेवणारा पदार्थ, असा: एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, थोडा मध आणि बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचे दोन थेंब. कॅनव्हाससाठी अ‍ॅक्रिलिक बाइंडर, मातीच्या निदान बरोबरीने. इथे बाइंडर मोजून-मापून, म्हणजे कंजूषपणे देतात. कॅनव्हासवरच्या वाळलेल्या रंगावरून ओलं बोट फिरवा. बोट लाल झालं तर बाइंडर कमी पडला.

रोलरचा धडा चांगला आहे. मूळच्या गोव्यातल्या कुटुंबातले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या सुरीने) काम करत, त्यामुळे उदाहरण घरचंच. पातळ थर द्यायचा, वर्तमानपत्राने अर्धा टिपून घ्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. पण कॅनव्हास ढिले! चौकटीचे कोपरे खिळ्यांनी जाम केलेले, पाचर मारून ताणायला खाचच नाही. रोलर दाबला की मागची आडवी पट्टी चित्रात सरळ रेघ होऊन उमटते. कॅनव्हास आणि पट्टीच्या मध्ये पुठ्ठा सरकवला की काम भागतं, पण हे आधी कुणी सांगत नाही.

‘नातं’ म्हणजे एका कॅनव्हासवर दोघांनी न बोलता आळीपाळीने काम करणं. कल्पना झकास, वेळेचं गणित चुकलेलं. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडाल्याशिवाय त्याचा थर धरत नाही, आणि पावसाळ्यात गोव्याच्या हवेत ते उडता उडत नाही. अर्धवट सुकलेल्या थरावर दुसऱ्याने रोलर फिरवला की खालचा रंग सालीसारखा निघतो. मग जोडीदारांत नातं काय राहणार! प्रत्येक पाळीनंतर पंखा आणि अर्धा तास हवाच.

डिसेंबर-जानेवारीतली तुकडी घ्या. कॅनव्हासऐवजी घरून १२ मिमीचा मरीन प्लायचा तुकडा न्या, मागूनही प्रायमर मारलेला, नाहीतर तो वाकतो.